घोट्यावरची निळी रेघ

सई आणि निहार,

गेल्या मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा निहारने माझ्या उजव्या पायाकडे बघून विचारलं होतं, "आजी, तुझी दोन बोटं कुठे गेली?" मी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "उंदराने नेली." त्यानंतर निहार जितके दिवस इथे होता तितके दिवस पाय चादरीत गुंडाळून झोपला. तेव्हाच ठरवलं की ही हकिगत सरळ लिहून काढायची.

इंग्रजीत लिहिता आली असती. वेल्ह्याच्या शाळेत मी आयुष्यभर तोच विषय शिकवला. पण या हकिगतीत अक्का फार बोलतात, आणि अक्का इंग्रजी बोलू लागल्या तर त्या अक्का राहणार नाहीत. अडेल तिथे बाबाला विचारा. त्यानेही हे एकदा नीट वाचावं असं मला वाटतंच.

आणखी एक कारण आहे. सई परवा फोनवर सांगत होती की कॉलेजात त्यांना एक नवीन विषय आलाय. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी आणि खाल्लेल्या अन्नाची शरीर जी विल्हेवाट लावतं ती, या दोन गोष्टी वेगवेगळ्या नसून एकमेकींवर सतत परिणाम करत असतात म्हणे. मी म्हणाले, "हो, माहीत आहे मला." तिला वाटलं आजी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिला पुस्तकातून कळलं, मला एका बरणीभर पेजेतून.

राब

सई लहान होती आणि निहार जन्मायचाच होता तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. आपल्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथे शेण, पालापाचोळा, वाळका टहाळ असे थर पसरून जाळतात. याला राब भाजणं म्हणतात. त्याने तण मरतं आणि राखेत रोप जोमाने येतं.

आपल्या घरात याला जोडून एक रीत आहे. राब भाजला की दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईने त्यावरून अनवाणी चालून यायचं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. यात पूजा वगैरे काही नाही. नीट भाजलेली जमीन पायाखाली भुसभुशीत लागते आणि कच्ची राहिलेली कडक लागते. कच्च्या जागी पुन्हा पाला टाकून पेटवायचं. हे काम अक्कांचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. अंगण एक, चुली दोन, असा आमचा संसार. त्या मला लग्नापासून "मास्तरणी" म्हणतात. आधी टोमणा म्हणून म्हणायच्या, पुढे तेच नाव पडलं.

त्या वर्षी अक्कांचा गुडघा सुजला होता. "मास्तरणी, औंदा तू चालून ये," त्या म्हणाल्या. "तळव्याला कळतं. डोक्यानं इचार करू नगं."

मी चालून आले. सकाळची वेळ होती आणि राख वरून गार झाली होती. मला सगळा राब सारखाच लागला. तसं मी येऊन सांगितलं.

"एकसारका?" अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "एकसारका भाजलेला राब माज्या जल्मात बगितला न्हाई म्या."

मला वाटलं, त्यांचं काम मला पहिल्याच फटक्यात जमलं म्हणून त्यांना खुपलं.

संध्याकाळी मी ओटीवरून आत येत होते. अक्का दाराशी बसून लसूण सोलत होत्या.

"पाय धुऊन पुसले न्हाईस व्हय गं? समदी ओटी वली केलीस."

"मी पाय धुतलेच नाहीत अजून."

अक्का वाकल्या. त्यांनी ओल्या ठशावर बोट टेकवून वास घेतला, मला खाली बसवलं आणि माझा उजवा पाय मांडीवर ओढला. करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला मोठा फोड येऊन फुटला होता. त्यात विझलेल्या निखाऱ्याचा तुकडा रुतलेला होता. राखेखाली एका कोपऱ्यात विस्तव राहिला होता आणि मी त्यावर पाय देऊन पुढे चालत गेले होते. अख्खा दिवस त्याच पायाने घरात वावरले होते.

"दुकत न्हाई?"

"नाही."

अक्का उठून हळद आणायला आत गेल्या. त्या टोमणा न मारता उठल्या की घाबरायचं असतं, हे मला तोवर कळायला हवं होतं.

बेरीज-वजाबाकी

मला साखरेचा आजार आधीपासून होता. काही वर्षं झाली होती. चहा बिनसाखरेचा, गोळी वेळेवर, अधूनमधून भोरला रक्त तपासणं. मी तो व्यवस्थित सांभाळतेय असा माझा समज होता. दुखत नव्हतं, आणि जे दुखत नाही त्याला मी आजार मानत नसे. भात मात्र दोन्ही वेळा खात होते. आपल्या शेतातला भात सोडायचा असतो हे कुणी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

जखमेवर हळद आणि खोबरेल लावलं. चार-पाच दिवसांत पाऊल सुजून चप्पल चढेना. मग ताप आला. जेवणावरची वासनाच गेली. ताट समोर आलं की ढवळायचं.

तेव्हा आजोबांनी आणि मी मिळून एक निर्णय घेतला. पोटात अन्न नाही, तर साखरेची गोळी कशाला? उगाच साखर फार खाली जायची. बेरीज नाही तर वजाबाकी कशाची? हिशोब इतका सरळ होता की आम्ही कुणाला विचारलंही नाही. गोळी बंद केली.

ताप वाढला. तहान इतकी लागायची की तांब्या उशाशी ठेवून पुरत नसे. मी बोलताना मधेच शब्द विसरायला लागले तेव्हा आजोबा उठले, धरणाच्या कामावरची एक जीप थांबवली आणि मला भोरला नेलं.

"सुरू करा ना"

भोरमधला तो लहानसा दवाखाना. खाली तपासायची खोली, वर चार खाटा. डॉक्टर तरुण होते, शस्त्रक्रिया शिकून आलेले. त्यांनी पाऊल उघडलं तेव्हा खोलीत वास पसरला. आजोबांनी खिडकीकडे तोंड केलं. मला तो वास आपला आहे हे पटत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, डोळे मिटा. मी पायाला टाचणी लावतोय. जिथे टोचेल तिथे 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर रस्त्यावर एसटीने हॉर्न दिला. मी वाट बघत होते. बराच वेळ झाला म्हणून म्हणाले, "डॉक्टर, सुरू करा ना."

"झालं, बाई," ते म्हणाले.

डोळे उघडले तर दोन्ही पावलांवर ठिकठिकाणी टाचणीच्या खुणा होत्या. उजव्यावर दोन जागी रक्ताचा ठिपका होता. आजोबा आता खिडकीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

माझा आजार मला कळला तो या क्षणी. आधी कागदावर फक्त एक आकडा होता. माझी पावलं माझ्याशी बोलायची बंद झाली होती आणि मला पत्ता नव्हता. राब एकसारखा लागला, कारण मला काहीच लागत नव्हतं.

मग डॉक्टरांनी खिशातलं निळं बॉलपेन काढलं. पावलाची लाली घोट्याच्या दिशेने चढत होती. त्यांनी घोट्याच्या जरा खाली आडवी रेघ ओढली.

"लाली या रेघेच्या वर गेली तर मी तुम्हाला इथे ठेवणार नाही. पुण्याला पाठवीन. आणि तिथे बहुतेक..." त्यांनी हाताची कड माझ्या गुडघ्याखाली ठेवली आणि लगेच उचलली. "रेघेच्या खाली राहिली तर पाय वाचवू."

इतकं स्पष्ट बोलल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. मला घोळवून सांगितलेलं चालत नाही.

वरच्या मजल्यावर

दवाखान्याचा दिवस ड्रेसिंगने सुरू व्हायचा. शमीम सिस्टर ट्रे घेऊन यायची. ती भोरचीच होती. तिची जीभ चालू असली की हात नीट चालायचे.

"बाई, हातात सुई देतेय. ही टोचेल बरं का. ही काही तुमच्या पायासारखी मुकी नाही."

"टोचू दे. काहीतरी टोचतंय हेच बरं."

ती पट्टी सोडताना मी छताकडे बघायचे. मी विचारायच्या आधी ती सांगायची, "रेघ लांब आहे." दुसऱ्या दिवशी, "आहे तिथंच आहे." पुढे एकदा तिने नुसतंच पाणी मागवलं आणि काही सांगितलं नाही. मी मान उचलून बघितलं. लाली रेघेच्या जवळ आली होती.

स्पिरिटने रेघ पुसट व्हायची, मग सिस्टर त्याच जागी पेन फिरवायची. मी म्हणायचे, "सिस्टर, रेघ वर सरकवू नका हं."

"बाईंच्या वर्गात कॉपी? माझी काय बिशाद!"

भीती कशी असते हे लिहायचं म्हणून लिहिते. मरणाची भीती मला वाटली नाही, निदान आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे सतत आपल्या घराचं परसदार यायचं. तिथला उतार, चार ओबडधोबड दगड, त्यापलीकडे संडास. पाय गेला तर मला तिथे रोज कोण नेणार? आजोबांची कंबर धरलेली, अक्कांचा गुडघा तसा. मी पडल्या पडल्या त्या दगडांवरून मनातल्या मनात जायचे आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दगडावर अडकायचे.

बाबाचा फोन समोरच्या एसटीडी बूथवर यायचा. आजोबा ठरल्या वेळी जाऊन बसायचे. एकदा परत आले ते घाम पुसतच.

"काय म्हणाला?"

"ताबडतोब पुण्याला हलवा म्हणतोय. मोठ्या हॉस्पिटलात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, आम्ही रेघेवर लक्ष ठेवून आहोत."

"मग?"

"ओरडला. 'दादा, कसली रेघ?' म्हणाला. आता कसली रेघ हे त्याला साता समुद्रापलीकडे कसं समजावू? पेनाची म्हणालो तर आणखीनच भडकला."

आम्ही दोघंही हसलो. मग आजोबा खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी चादरीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ते कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशीही त्यांनी असंच केलं होतं. "त्याचं ऐकायला हवं का गं?" त्यांनी विचारलं. मी चादरीचं टोक त्यांच्या बोटावरून सोडवलं.

पेज

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या त्या वेगळ्याच कारणाने. गोळ्यांच्या जागी इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू होती. जंतूंवरचं औषध शिरेतून जात होतं. जखम रोज साफ होत होती. तरी रक्तातली साखर खाली येईना. मात्रा वाढवली, मग आणखी वाढवली.

"बाई, काय खाताय?"

"काही नाही, डॉक्टर. जातच नाही."

"अन्नाचा कण नाही पोटात," आजोबा म्हणाले. "इतक्या दिवसांत एक घास खाल्ला असेल तर शपथ."

हे आम्ही दोघं अगदी खरं बोलत होतो.

डॉक्टर सकाळी यायचे आणि संध्याकाळी यायचे. अक्का यायच्या दुपारी. सकाळची एसटी धरून, नसरापूरला गाडी बदलून, तो सुजलेला गुडघा घेऊन. हातात कडीची स्टीलची बरणी, वरून टॉवेल गुंडाळलेला. आमच्या नव्या तांदळाची पेज असायची. मऊ शिजवलेली, मीठ घातलेली, वर तुपाची धार, आणि अशक्तपणा आहे म्हणून कधी गुळाचा खडा. घोट घोट करून ती मला सगळी पाजायच्या. जाताना मोठी वाटीभर आजोबांजवळ ठेवायच्या, "सांजच्याला दे" म्हणून.

त्या दिवशी दुपारी वीज गेली होती. खाली उकाड्याने बसवेना म्हणून डॉक्टर जरा वाऱ्याला वर आले आणि दारातच थांबले.

"हे काय चाललंय?"

"पेज हाय," अक्का म्हणाल्या. वाटी माझ्या तोंडाशीच होती.

"कशाची?"

"पेज कशाची असती? तांदळाची."

"रोज देता?"

"मग? पोरीच्या पोटात काय न्हाई इतक्या दिसांचं. निस्ती पेज तर हाय!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तर म्हणालात काही खात नाही."

"नाहीच खात," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण आपल्याकडे पेज हे खाणं नाही. भाकरी, भात, कालवण हे खाणं. जेवण बंद झालं की जे देतात ती पेज. ती आजारपणातच मोडते, जेवणात नाही. अक्कांनी घरातली किती आजारपणं या पेजेवर काढली असतील. ती खाण्यात धरायची हे त्यांना सुचलं नाही, आजोबांना सुचलं नाही, आणि मलाही नाही.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. आमच्या घरी गोळी बंद केली होती हेही तेव्हा आजोबांनी सांगून टाकलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं डोळे चोळले आणि मग जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. सई, चुकलं तर दुरुस्त कर.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू शिरले की त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत सरपटत जातात आणि जंतूंना गिळून आतल्या आत जाळतात. रक्तात साखर फार झाली की या पेशी मंदावतात. वेळेवर पोचत नाहीत, पोचल्या तर नीट गिळत नाहीत, गिळलं तरी त्यांची जाळण्याची शक्ती कमी पडते. म्हणून जखम चिघळते.

हे अर्धं झालं. दुसरं अर्धं मला जास्त नवीन होतं. झुंजणाऱ्या पेशी रक्तातून निरोप धाडतात. त्या निरोपांनी बाकीचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडू लागतं. मोठ्या झुंजीसाठी इंधन हाताशी असावं, अशी काहीतरी ती योजना असावी. धडधाकट माणसाला ती चालून जाते. माझ्यासारखीला ती बुडवते. म्हणजे तापात माणूस उपाशी असला तरी त्याची साखर चढते. गोळी बंद करायची वेळ ती नव्हेच, उलट तेव्हाच डॉक्टरांना विचारून औषध नीट बसवायचं असतं.

"म्हणजे साखरेमुळे जखम वाढते आणि जखमेमुळे साखर वाढते," मी म्हणाले.

"आणि त्यात ही बरणी," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, पण अक्कांनी रागाने घेतलं. त्यांनी वाटीतली पेज परत बरणीत ओतली आणि झाकण लावलं.

"माज्या हातची पेज इख झाली व्हय रं? माज्या मालकांच्या टायफाइडला हीच दिली म्या. सासूबाईंना शेवटपत्तुर हीच दिली."

"आजी, विष नाही म्हणालो मी. या आजाराला..."

"ऱ्हाऊ दे. तू शिकलेला, ही शिकलेली. म्या अडानी. तिचा पाय गेला तर माज्यामुळं गेला म्हना."

"अक्का," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकून त्या एक एक पायरी बसत उतरल्या. मला त्यांच्यामागे जाता येत नव्हतं. आजोबा गेले, पण अक्का त्यांच्याशीही बोलल्या नाहीत, स्टँडवर पाठ करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाहीत.

रेघेवर

पेज बंद झाली. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाणं आणि ठरवून दिलेलं इन्सुलिन यांची सांगड बसली, आणि साखर उतरायला लागली. लाली मात्र रेघेला टेकली होती. डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, "गाडी सांगून ठेवलीय. उद्या रेघ ओलांडली तर थांबायचं नाही." करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. तिथे रक्तच पोचत नव्हतं, त्यामुळे पेशीही पोचत नव्हत्या, औषधही नाही. ती दोन बोटं काढायची ठरली. भूल जागेपुरती दिली. मी जागी होते. सिस्टर माझ्या डोक्याशी उभी राहून तिच्या लेकीच्या मार्कांबद्दल बोलत होती. दुखलं नाही, आणि यावेळी न दुखण्याचा मला राग आला.

सकाळी सिस्टरने पट्टी सोडली. मी छताकडे बघितलं नाही. तीही वाकून बघत राहिली. मग तिने पेन उघडून रेघेवरून एकदा फिरवलं आणि म्हणाली, "बाई, कॉपी न करता पास."

लाली रेघेच्या खाली बोटभर उतरली होती. आजोबा एसटीडी बूथकडे जाताना चष्मा खाटेवरच विसरून गेले.

त्या दुपारी अक्का आल्या. बरणी नव्हती. पदराच्या गाठीत काहीतरी होतं. त्या माझ्याकडे न बघता सिस्टरकडे गेल्या आणि गाठ सोडली. चार उकडलेली अंडी होती, आमच्याच कोंबड्यांची.

"ह्यात तरी भात न्हाई ना?"

"नाही, आजी," सिस्टर म्हणाली. "जखम भरायला चांगलीच आहेत ही."

"डागदराला इचार. मागनं म्हनशीला."

सिस्टर खरोखरच विचारून आली. मग अक्का खाटेवर बसल्या आणि अंड्याचं टरफल काढू लागल्या.

"दोन गेली?" त्यांनी विचारलं.

"दोन गेली. आठ आहेत."

"आठ लई झाली," अक्का म्हणाल्या आणि अंडं माझ्या हातात दिलं. पेजेविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. घरी आल्यावर मात्र एकदा मी त्यांना म्हटलं की तापात मला तिचीच चव आठवायची. त्या म्हणाल्या, "मग? वाईट करतीया व्हय म्या?"

घरी

जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. आजोबांनी आयुष्यात कधी स्वतःचा चहा गाळला नव्हता. त्यांनी सिस्टरकडून पट्टी बांधायला शिकून घेतलं. पहिली पट्टी त्यांनी टपाल बांधावं तशी बांधली. पुढे इतकी सुबक बांधू लागले की सिस्टरने एकदा विचारलं, "ही कुठल्या दवाखान्यात केली?"

मी कधीही अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा, असं डॉक्टरांनी बजावलं. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे. मला वाकून दिसत नाहीत, ते आजोबा बघतात. तुम्ही आलात तेव्हा ते माझ्या पायाशी टॉर्च घेऊन बसायचे ते यासाठी.

ओटीवर खुर्ची टाकून मी त्या वर्षीचं रोप बघितलं. राबाच्या मधोमध आणि एका कडेला तण माजलं होतं आणि रोप पिवळं, खुरटं. बाकी ठिकाणी हिरवंगार. कच्च्या राहिलेल्या जागा लांबून बोट दाखवता येईल इतक्या स्पष्ट होत्या. अक्का शेजारी उभ्या राहिल्या.

"बग तुजा एकसारका राब."

पुढच्या उन्हाळ्यात

राब पुन्हा भाजला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेतावर गेलो. माझ्या पायात मऊ तळव्याचे बूट होते, जे घालून मी गावभर थट्टेचा विषय झाले होते. मी बांधावर थांबले. अक्कांनी वहाणा काढल्या आणि पाऊल उचललं.

"थांबा," मी म्हणाले. "आधी खाली बसा."

"आता काय काडलंस?"

"बसा. डोळे मिटा."

मी घरून खराट्याची एक हिराची काडी आणली होती. अक्का कुरकुरत बांधावर बसल्या, पाय पुढे केले, डोळे मिटले. त्यांचे तळवे भेगाळलेले, जाड. इतके जाड की मला काही कळेना. मी काडी करंगळीच्या खाली टेकवली. अक्का गप्प. खालून येणारा राखेचा वास मला एकदम सोसवेना. मी काडी जरा दाबली.

"आई गं! अगं ए भवाने! टोचतंय की! पाय फोडतीस काय?" अक्कांनी डोळे उघडून माझ्या हातावर फटका मारला. "शिकून येडी झालीस का काय?"

"दुसरा पाय," मी म्हणाले.

दुसऱ्या पायालाही टोचलं. दुसऱ्यांदा शिव्या खाल्ल्या. मग मी काडी ठेवली.

"आता जा."

अक्का राबावर उतरल्या. हळूहळू, एक एक पाऊल दाबून बघत त्या पलीकडे निघाल्या. मी बुटात उभी राहून बघत होते. अध्येमध्ये त्या थांबून टाच टेकायच्या आणि ओरडायच्या, "हितं कच्चं हाय! हितं बी!" मी बांधावरून खडे टाकून जागा दाखवत होते.

तेव्हापासून आपल्या घरात राबावर चालायच्या आधी काडी लागते. जिला टोचतं तिने जायचं, जिला टोचत नाही तिने बूट घालून बांधावर उभं राहायचं आणि भोरला जाऊन यायचं. अक्कांनीच आता ही रीत करून टाकली आहे. शेजारच्या बायकांना त्या ती अशी सांगतात, जणू सासूबाईंपासून चालत आलीय.

बाबा म्हणतो, त्याच्या रक्तातली साखर तिकडे नियमित तपासतात, सगळं ठीक आहे. माझंही कागदावर ठीकच वाटायचं. येत्या उन्हाळ्यात तो तुमच्याबरोबर आला की राब भाजलेलाच असेल. त्याला म्हणावं, विमानातून उतरल्यावर गप्पा नंतर. आधी बांधावर बसायचं आणि डोळे मिटायचे. काडी अक्का लावणार आहेत, आणि त्या दाबून लावतात.

तुमची,
आजी